मध्ययुगातले ख्रिस्ती संत आणि संन्यस्त संघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चमधल्या पुतळ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. त्या नावामागचा माणूस कोण होता आणि तो घरदार सोडून का निघाला, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या शतकापर्यंतचे संत आणि त्यांच्यामुळे उभे राहिलेले संघ, यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. 'तुझं असेल ते विकून गोरगरिबांना दे' हे येशूचं सांगणं खरोखर पाळायचं ठरवलं तर जगायचं कसं, या एका पेचाभोवती हा सगळा हजार वर्षांचा इतिहास फिरतो, असं माझं मत आहे. ते पुढच्या उत्तरांत डोकावत राहील.

संन्यस्त संघ म्हणजे काय? प्रत्येक फादर कुठल्या तरी संघाचा असतोच का?

नाही. धर्मप्रांताचे फादर त्या प्रांताच्या बिशपांच्या हाताखाली काम करतात. ते ब्रह्मचर्याचं आणि आज्ञापालनाचं वचन देतात, पण गरिबीचं व्रत घेत नाहीत. संघातली माणसं एका ठरलेल्या नियमावलीनुसार एकत्र राहतात, व्रतं घेतात आणि त्यांच्या नावावर काही नसतं. संघात फादर असतात, ब्रदर असतात, सिस्टर असतात.

संघ स्थापन करणारे सगळे धर्मगुरू होते, हा समजही बरोबर नाही. इजिप्तचे अंतोनी धर्मगुरू नव्हते. असिसीचे फ्रान्सिस डीकनपदाच्या (धर्मगुरूच्या आधीच्या पायरीच्या) पुढे गेले नाहीत.

ही प्रथा सुरू कुठे झाली?

इजिप्तच्या वाळवंटात. अंतोनी यांचा जन्म २५१ च्या सुमाराचा, घर चांगलं जमीनदाराचं. आईवडील वारल्यावर विशीच्या आतबाहेरचा हा तरुण चर्चमध्ये गेला आणि नेमकं 'सगळं विकून टाक' हेच शुभवर्तमान त्याच्या कानावर पडलं. त्यांनी जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, थोडं बहिणीसाठी राखलं. मग 'उद्याची चिंता करू नका' हे ऐकलं आणि तेही वाटून टाकलं. बहिणीला त्यांनी व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केलं. पुढे वीसेक वर्षं ते एका पडक्या किल्ल्यात एकटे राहिले आणि ३५६ मध्ये वारले. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. ते इतकं गाजलं की शहरातली शिकलेली माणसंही वाळवंटाची वाट धरू लागली.

यात काळाचाही वाटा आहे. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. छळ थांबला, रक्तसाक्षी होण्याची, म्हणजे धर्मासाठी मरण पत्करण्याची, वेळ टळली आणि चर्चमध्ये प्रतिष्ठित लोकांची गर्दी झाली. ज्यांना पूर्वीची धग हवी होती त्यांनी वस्ती सोडली.

पण एकटं राहणं सगळ्यांना झेपत नाही. पाखोमियस नावाच्या एका माजी सैनिकाने हे ओळखलं. त्यांना जबरदस्तीने फौजेत भरती करून डांबून ठेवलं होतं, तेव्हा अनोळखी ख्रिस्ती लोकांनी त्यांना जेवण आणून दिलं होतं. ते उपकार ते विसरले नाहीत. ३२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी नाईलकाठी ताबेन्निसी इथे एकत्र राहण्याचा पहिला मोठा मठ काढला : एक भिंत, एक स्वयंपाकघर, एक नियम. त्यांची बहीण मारिया हिने स्त्रियांचा मठ सांभाळला. आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचे बिशप बेसिल यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. तू एकटाच राहिलास तर पाय कुणाचे धुशील, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी शहराच्या कडेला आजारी आणि निराधार लोकांसाठी मोठं आश्रयस्थान उभारलं.

आपल्याकडे १३ जूनला ज्यांचा सण असतो ते संत अंतोनी हेच का?

नव्हेत. १३ जूनचे अंतोनी पाडुआचे, जन्म ११९५, लिस्बनचा. इजिप्तच्या अंतोनींचा सण १७ जानेवारीला येतो. पाडुआचे अंतोनी आधी ऑगस्टिनियन मठात होते. मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष १२२० मध्ये पोर्तुगालला आणले गेले, तेव्हा ते पाहून त्यांनी संघ बदलला. पुढे त्यांनी प्रवचनकार म्हणून मोठं नाव मिळवलं. १२३१ मध्ये ते वारले आणि वर्षभराच्या आत संत घोषित झाले.

त्या काळी संत कोण ठरवत असे?

आधी लोकच. रक्तसाक्ष्याच्या थडग्यापाशी दरवर्षी मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) व्हायची, नाव प्रार्थनेत यायचं आणि स्थानिक बिशप त्याला मान्यता द्यायचे. पोपने अधिकृतपणे संत घोषित केल्याचं पहिलं पक्कं नोंदलेलं उदाहरण ९९३ मधलं, ऑग्सबर्गचे बिशप उलरिक यांचं. तेराव्या शतकात हा अधिकार पूर्णपणे पोपकडे गेला. म्हणून पहिल्या हजार वर्षांतल्या बहुतेक संतांची कुठलीही कागदोपत्री 'घोषणा' सापडणार नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही.

संत ऑगस्टीन यांनी संघ स्थापन केला होता का?

आज आपण म्हणतो त्या अर्थाने नाही. त्यांचा जन्म ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियात झाला. आई मोनिका ख्रिस्ती, मुलगा मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्याच वाटांवर. मिलानमध्ये बिशप अँब्रोस यांची प्रवचनं ऐकून मन फिरलं आणि ३८७ च्या ईस्टरला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला. त्याच वर्षी मोनिका वारल्या. हे सगळं त्यांनी स्वतःच 'कन्फेशन्स'मध्ये लिहून ठेवलंय. पोरवयात चोरलेल्या पेअरपासून ते आईच्या मरणानंतर आवरलेल्या आणि मग न आवरलेल्या रडण्यापर्यंत.

पुढे हिप्पोचे बिशप असताना ते सोबतच्या धर्मगुरूंसह मठासारखेच राहत. त्यांच्या नावाची छोटी नियमावली नंतर अनेक संघांनी घेतली. ऑगस्टिनियन संघ उभा राहिला तो थेट तेराव्या शतकात. इटलीतले विखुरलेले एकांतवासी १२४४ मध्ये एकत्र आणले गेले आणि १२५६ मध्ये आणखी गट त्यात सामील झाले. ओल्ड गोव्यात लाल जांभ्याचा जो उंच पडका मनोरा दिसतो, तो याच संघाच्या चर्चचा. ते १५७२ मध्ये गोव्यात आले होते. शेजारी १६०६ साली सुरू झालेला मठ मोनिकांच्या नावाचा आहे, आणि तो स्त्रियांचा आहे.

बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचं एवढं कौतुक का?

कारण ती माणसं ओळखून लिहिलीय. बेनेडिक्ट यांचा जन्म ४८० च्या सुमारास नुर्सियाचा. रोममधलं शिक्षण अर्धवट सोडून ते सुबियाकोच्या गुहेत राहिले. ५२९ च्या आसपास त्यांनी रोम आणि नेपल्स यांच्यामधल्या मोन्ते कासिनो या डोंगरावर मठ उभारला. तिथे लिहिलेल्या नियमावलीत ७३ छोटी प्रकरणं आहेत.

मोठे सिद्धांत त्यात आहेतच, पण मला ओढ वाटते ती बारीकसारीक गोष्टींची. आठवड्याच्या पाळीने सगळ्यांनी स्वयंपाकघरात राबायचं. पाळी संपताना शनिवारी सगळी साफसफाई करायची, टॉवेल धुवायचे, भांडी कोठाराच्या बंधूकडे स्वच्छ आणि धड परत द्यायची. जाणारा आणि येणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. कोठाराच्या बंधूने मठातल्या प्रत्येक भांड्याला वेदीवरच्या पवित्र पात्रासारखं जपायचं. झोपताना कमरेचा सुरा काढून ठेवायचा, झोपेत कुणाला लागू नये म्हणून. प्रत्येकाला झगा, पादत्राणं, कमरपट्टा, सुरा, लेखणी, सुई, रुमाल, लिहायची पाटी हे मठानेच द्यायचं, म्हणजे 'मला अमुक लागतं' या सबबीने कुणी काही लपवून ठेवणार नाही. महत्त्वाचा निर्णय असला की सगळ्यांना बोलवायचं, अगदी लहानालाही, कारण देव पुष्कळदा धाकट्याच्या तोंडून चांगलं सुचवतो. दारात एक समंजस म्हातारा बसवायचा आणि आलेल्या पाहुण्याचं ख्रिस्तासारखं स्वागत करायचं.

वाइनबद्दलचं प्रकरण तर वाचावंच. मठवासीयाने वाइन घेऊच नये असं आम्ही वाचतो, पण आजकालच्यांना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान बेताने पिऊ या, असा त्याचा सूर आहे. पुढे दिवसाचं मापही ठरवून दिलंय. कडक शिस्त आणि माणुसकी इतक्या सहजपणे एका पानावर मला दुसरीकडे फारशी सापडलेली नाही.

दिवसाचा कणा प्रार्थनेचा : आठवड्याभरात सगळी १५० स्तोत्रं म्हणून व्हायची. उरलेला वेळ हातांनी काम आणि वाचन यांत वाटलेला. वाचायचं तर पोथ्या हव्यात, म्हणून त्या उतरवून काढणं आलं. सिसेरो, व्हर्जिल यांच्यासारखे जुने लॅटिन लेखक आपल्यापर्यंत पोचले त्यात मठांमधल्या या लेखनिकांचा वाटा फार मोठा आहे. बेनेडिक्ट यांना हे अभिप्रेत होतं का? नियमावलीत तरी तसा काही उल्लेख नाही.

मोन्ते कासिनो मात्र पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त झालं. लोम्बार्ड टोळ्या आल्या, ८८३ मध्ये सॅरासेन (मुस्लिम हल्लेखोर) आले, १३४९ मध्ये भूकंप झाला, आणि १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी ते भुईसपाट केलं. दर वेळी ते पुन्हा बांधलं गेलं.

गरिबीचं व्रत घेतलेल्या मठांकडे एवढी संपत्ती आली कुठून?

व्रत व्यक्तीचं होतं, मठाचं नव्हतं. सरदार, राजे आपल्या आत्म्याच्या तारणासाठी जमिनी दान द्यायचे. मठात शिस्त आणि मेहनत होती, वारसांत वाटणीही होत नव्हती. त्यामुळे दोनशे वर्षांत मठ जमीनदार व्हायचा.

फ्रान्समधल्या क्लूनीचं उदाहरण घ्या. ९१० मध्ये अक्वितेनचे ड्यूक विल्यम यांनी हा मठ स्थापताना त्याला स्थानिक सरदारांच्या आणि बिशपांच्या हस्तक्षेपापासून मुक्त ठेवलं. त्यातून मठजीवनात मोठी सुधारणा झाली आणि शेकडो मठ क्लूनीच्या छत्राखाली आले. २ नोव्हेंबरला आपण सर्व मृतांचा स्मरणदिन पाळतो, तो क्लूनीचे मठाधिपती ओडिलो यांनी अकराव्या शतकाच्या सुमारास आपल्या मठांमध्ये सुरू केला. पण वैभवही वाढत गेलं. क्लूनीचं तिसरं चर्च रोममधलं आजचं सेंट पीटर्स बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च होतं.

मग कुणीतरी उठायचं आणि म्हणायचं, हे चुकतंय. १०८४ मध्ये ब्रुनो सहा सोबत्यांना घेऊन आल्प्सच्या कुशीत गेले आणि कार्थुसियन संघ सुरू झाला. प्रत्येकाची स्वतंत्र खोली, लहानशी बाग आणि बरंचसं मौन. १०९८ मध्ये रॉबर्ट आणि त्यांचे सोबती मोलेमचा मठ सोडून सितोच्या दलदलीत गेले. त्यांना बेनेडिक्ट यांची नियमावली तिच्या मूळ साधेपणाने पाळायची होती. हाच सिस्टर्सियन संघ. रंगवलेल्या काचा नकोत, सोन्याचे क्रूस नकोत, दुसऱ्याच्या घामावरचं उत्पन्न नको. शंभर वर्षांत तेही लोकरीचे मोठे उत्पादक झाले. काटकसर आणि कष्ट यांतून पैसा जमतोच, आणि कुठलीही नियमावली यावर कायमचा तोडगा काढू शकली नाही.

संत बर्नार्ड यांच्याबद्दल इतकी उलटसुलट मतं का?

कारण माणूसच तेवढा मोठा आणि तेवढा एककल्ली. ते जवळजवळ तीस नातलग आणि मित्रांना घेऊन सितोला दाखल झाले, १११५ मध्ये क्लेअरव्होचे मठाधिपती झाले आणि ११५३ मध्ये वारले. तोवर सिस्टर्सियन मठांची संख्या तीनशेच्या पुढे गेली होती. देवाच्या प्रेमाविषयीचं त्यांचं लेखन आजही मनाला भिडतं. पण दुसऱ्या धर्मयुद्धासाठी (क्रूसेडसाठी) ११४६ मध्ये वेझले इथे त्यांनीच लोकांना पेटवलं आणि ती मोहीम पार फसली. त्याच वेळी ऱ्हाइनकाठी राडुल्फ नावाचा मठवासी ज्यूंविरुद्ध लोकांना भडकवत होता, तेव्हा बर्नार्ड स्वतः तिकडे गेले आणि त्यांनी त्याला गप्प केलं. दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होत नाही.

टेंपलर सरदार हे संन्यस्त होते?

हो. जेरुसलेममध्ये १११९-२० च्या सुमारास ह्यू द पायेन्स यांनी यात्रेकरूंच्या रक्षणासाठी हा संघ काढला. व्रतं मठवासीयांची, हातात तलवार. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्यांची धरपकड केली आणि १३१२ मध्ये पोपने संघ बरखास्त केला. गुप्त खजिन्याच्या कथांवर मी वेळ घालवणार नाही.

स्त्रियांचं या इतिहासात काय स्थान होतं?

पुस्तकांमध्ये असतं त्यापेक्षा पुष्कळ मोठं.

हिल्डेगार्ड (१०९८ ते ११७९) लहानपणीच मठात आल्या. मोठेपणी मठाधिपतींचा विरोध पत्करून आपल्या भगिनींना घेऊन बाहेर पडल्या आणि बिंगेनजवळ स्वतःचा मठ उभारला. दर्शनं, वनस्पती आणि औषधं यांवर लिहिलं, गीतं रचली. आयुष्याच्या शेवटी, ऐंशीच्या घरात असताना, मठाच्या दफनभूमीत एका बहिष्कृत मानल्या गेलेल्या सरदाराला पुरल्यावरून माइन्झच्या अधिकाऱ्यांनी मठावर बंदी घातली : मिस्सा नाही, गायन नाही. तो माणूस मरण्याआधी चर्चशी समेट करून गेला होता, म्हणून त्यांनी प्रेत उकरायला साफ नकार दिला. देवाच्या स्तुतीचं गाणं बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातल्या गायनात जागा मिळणार नाही, असं त्यांनी बजावून कळवलं. बंदी उठली आणि त्यानंतर काही महिन्यांत त्या वारल्या. २०१२ मध्ये त्यांना धर्मपंडित हा किताब दिला गेला.

असिसीच्या क्लारा १२१२ च्या झावळ्यांच्या रविवारी रात्री घरातून निघून गेल्या. फ्रान्सिस यांनी त्यांचे केस कापले. त्यांच्या मठाने जमीनजुमला ठेवावा असा पोपचा आग्रह होता. नववे ग्रेगरी त्यांना गरिबीच्या व्रतातून मोकळं करायला तयार झाले, तेव्हा माझ्या पापांतून मोकळं करा, ख्रिस्ताच्या मागे जाण्यातून नको, असं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगतात. स्त्रियांसाठी स्त्रीने लिहिलेली पहिली नियमावली त्यांची. तिला पोपची मान्यता मिळाली ९ ऑगस्ट १२५३ रोजी. ११ ऑगस्टला क्लारांनी डोळे मिटले.

सिएनाच्या कॅथरिन (१३४७ ते १३८०) मठात राहतच नव्हत्या. त्या डॉमिनिकन तिसऱ्या संघाच्या, म्हणजे घरी राहून व्रत पाळणाऱ्या. एका रंगाऱ्याच्या या मुलीने १३७६ मध्ये आव्हिन्यॉला जाऊन पोप अकरावे ग्रेगरी यांना रोमला परतायचा आग्रह धरला; तेव्हा पोप तिथेच राहत होते. जानेवारी १३७७ मध्ये ते परतले.

फ्रान्सिस यांच्यात असं वेगळं काय होतं?

आधीच्यांनी मठासाठी जागा शोधली, फ्रान्सिस यांनी जागाच नाकारली. त्यांचे वडील पिएत्रो बेर्नार्दोने असिसीतले कापडाचे व्यापारी. मुलगा उधळ्या, गाण्याबजावण्याचा शौकीन, सरदार होण्याची हौस. पेरूजियाशी झालेल्या लढाईत पकडला गेला, वर्षभर कैदेत पडला. परतल्यावर काहीतरी बदललं होतं. मरण्याआधी लिहून घेतलेल्या मृत्युपत्रात त्यांनी सुरुवातच कुष्ठरोग्यांपासून केली आहे : पूर्वी त्यांच्याकडे पाहणंही मला कडू वाटे, प्रभूने मला त्यांच्यात नेलं आणि तेच कडू गोड झालं.

सान दामियानोचं मोडकं चर्च दुरुस्त करायला त्यांनी दुकानातलं कापड विकलं. वडिलांनी त्यांना बिशप ग्विदो यांच्यापुढे उभं केलं. १२०६ सालची ही गोष्ट. फ्रान्सिस यांनी पैसे परत केले, मग अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांपुढे ठेवले आणि यापुढे आपला पिता एकच, स्वर्गातला, असं सांगितलं. बिशपांनी आपल्या झग्याने त्यांना झाकलं. ही घटना नाट्यमय म्हणून सगळे सांगतात. मला त्यात त्या बापाचं दुःखही दिसतं.

१२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांना तोंडी संमती दिली, १२२३ मध्ये पोप तिसरे होनोरियस यांनी नियमावली मंजूर केली. पैशाला हात लावायचा नाही, घर आपलं म्हणायचं नाही, काम करायचं, नाही मिळालं तर भिक्षा मागायची. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना ते इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिल यांच्या छावणीत निःशस्त्र गेले आणि सुखरूप परतले. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्यांनी गव्हाणी, बैल, गाढव आणून मिस्सा करवली. आज आपल्या घराघरांत, गल्लीगल्लीत नाताळचा गोठा उभारला जातो, त्या प्रथेला बळ मिळालं ते तिथून. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी ते वारले.

दोनच वर्षांनी त्यांच्या थडग्यावर भव्य बॅसिलिका बांधायला घेतली गेली. गरिबी अक्षरशः पाळायची की सोयीने, यावरून संघात भांडण पेटलं. कडक पक्षाच्या कितीतरी बंधूंना त्यांच्याच संघाने तुरुंगात टाकलं आणि १३१८ मध्ये चार जणांना मार्सेय इथे जाळण्यात आलं. फ्रान्सिस यांच्यावर प्रेम करणाऱ्याने हेही वाचायला हवं.

डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन यांच्यात फरक काय?

दोघेही भिक्षेवर जगणारे, दोघेही शहरात राहणारे, पण उगम वेगळा. स्पेनचे डॉमिनिक दक्षिण फ्रान्समधून जाताना त्यांनी पाहिलं की चर्चने पाखंडी ठरवलेल्या काथार पंथाचे प्रचारक साधे, अनवाणी फिरतात आणि पोपचे दूत घोड्यांवरून लवाजम्यासह येतात. लोक कुणाचं ऐकतील हे उघड होतं. म्हणून त्यांनी प्रवचनकारांचा संघ काढला. १२१६ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षापासून त्यांनी बंधूंना पॅरिस, बोलोन्यासारख्या विद्यापीठांच्या शहरांत धाडलं. थॉमस अक्वायनस हे याच संघाचे. डॉमिनिक १२२१ मध्ये वारल्यानंतर, १२३० च्या दशकापासून, याच संघातल्या बंधूंना पाखंडी मतांची चौकशी करणारे धर्मन्यायाधीश (इन्क्विझिटर) नेमलं जाऊ लागलं. ते लपवण्यात अर्थ नाही. १५६० मध्ये सुरू झालेलं गोव्यातलं इन्क्विझिशन मात्र पोर्तुगीज अमलातलं, पुढच्या काळातलं.

हे संघ आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबरच आले ना?

त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी आले! १३२१ मध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन आणि जोर्दानुस नावाचे एक डॉमिनिकन जहाजाने निघाले. जायचं होतं केरळात, पोचले ठाण्याला. तिथे पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेची कुटुंबं आधीपासून राहत होती, त्यांनी या पाहुण्यांना घरी ठेवून घेतलं. जोर्दानुस गुजरातच्या दिशेने गेलेले असताना काझीपुढे धर्माविषयी वाद झाला आणि एप्रिलमध्ये चौघेही मारले गेले. जोर्दानुस यांनी परतून त्यांना सोपाऱ्याला पुरलं. थोड्याच काळाने पोर्देनोनेचे ओदोरिक हे फ्रान्सिस्कन प्रवासी तिथे आले आणि त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेले. जोर्दानुस १३२९ मध्ये कोल्लमचे बिशप नेमले गेले.

यातले थॉमस हे वर सांगितलेल्या कडक पक्षाचे. गरिबीच्या आग्रहापायी त्यांच्याच संघाने त्यांना इटलीत वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं होतं. १२८९ मध्ये सुटका झाल्यावर ते आर्मेनियाला गेले, आणि शेवट झाला आपल्या ठाण्यात. ठाणे-वसईकरांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं, याची मला खंत वाटते.

गोव्यात फ्रान्सिस्कन १५१७ मध्ये आले, डॉमिनिकन १५४८ मध्ये. वसईचे गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन ब्रदरच. १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत त्यांना क्रूसावर मारलं गेलं आणि १८६२ मध्ये ते संत घोषित झाले.

मग जेज्वीट आणि संत फ्रान्सिस झेवियर?

ते मध्ययुगातले नाहीत. येशूसंघाला, म्हणजे जेज्वीटांना, मान्यता मिळाली १५४० मध्ये, झेवियर गोव्यात आले १५४२ मध्ये. ३ डिसेंबर त्यांचा सण, ४ ऑक्टोबर असिसीच्या फ्रान्सिस यांचा.

पोशाखावरून संघ ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. काळा झगा बेनेडिक्टिनांचा. पांढऱ्या झग्यावर पुढेमागे लोंबणारा काळा पट्टा सिस्टर्सियनांचा, पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा डॉमिनिकनांचा. तपकिरी झगा आणि तीन गाठींचा पांढरा दोर फ्रान्सिस्कनांचा. तपकिरीवर पांढरा अंगरखा कार्मेलाइटांचा. रोजच्या वापरात आता पुष्कळ जण साधेच कपडे घालतात, तेव्हा नावापुढची अक्षरं पाहावीत : ओएसबी म्हणजे बेनेडिक्टिन, ओपी म्हणजे डॉमिनिकन, ओएफएम म्हणजे फ्रान्सिस्कन.

यांतले किती संघ आज चालू आहेत?

टेंपलर सोडले तर वर आलेले सगळे मोठे संघ आजही आहेत. २०१३ मध्ये निवडून आलेल्या जेज्वीट पोपने असिसीच्या फ्रान्सिस यांचं नाव घेतलं, आणि ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले चौदावे लिओ हे ऑगस्टिनियन संघातून आलेले पहिले पोप आहेत.